देशात देश, त्यात देश, त्यात ताग

बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे आपल्याला नवीन नाही. सातबाऱ्यावरच्या दोन गुंठ्यांसाठी आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. पण बांध ओलांडला की परदेश लागतो, त्या परदेशाचा पुढचा बांध ओलांडला की पुन्हा आपलाच देश, आणि तोही संपला की पुन्हा तोच परदेश, असं शेत कुणी पाहिलंय?

असं एक शेत २०१५ सालापर्यंत होतं. दाहाला खाग्राबाडी हे त्याचं नाव. पावणेदोन एकरांच्या आतबाहेरचा तुकडा, ताग पिकवणारा. जमीन भारताची. तिच्या चारही बाजूंना बांगलादेशाचं एक गाव. त्या गावाला वेढून भारताचं बालापाडा खाग्राबाडी. आणि त्याच्याही भोवती अखेर बांगलादेश. शेताचा मालक बांगलादेशी होता, लगतच्याच तुकड्यात राहायचा. म्हणजे खांद्यावर कुदळ टाकून सकाळी तो भारतात यायचा आणि भाकरीच्या वेळेला – तिकडे भाताच्या वेळेला म्हणा – बांगलादेशात परतायचा. नकाशे चाळायची मला खोड आहे. हा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा छपाईतच घोटाळा झाला असणार असं वाटलं होतं.

घोटाळा नव्हता. पश्चिम बंगालचा कूचबिहार जिल्हा आणि त्याच्या शेजारचा बांगलादेशाचा रंगपूरचा मुलूख यांत असे तुकडे पसरलेले होते: बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११, भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१. तिथल्या बोलीत त्यांना छिटमहाल म्हणत. आपल्याकडे आजीच्या पेटीत छिटाच्या कापडाचं परकर-पोलकं सापडायचं, त्यातलीच ही छीट. कापडावर शिंतोडे उडावेत तशी ठिपक्याठिपक्यांची जमीन. आणि महाल हा शब्द तर आपल्या दफ्तरात मुरलेला. महाल म्हणजे राजवाडा नव्हे, वसुलीचा मुलूख. त्यावर महालकरी असे. शिंद्यांच्या पाच महालांवरून गुजरातेतल्या एका जिल्ह्याचं नाव पंचमहाल पडलं, ते आजही आहे.

हे शिंतोडे उडाले कसे? तिकडे एक गोष्ट सांगतात. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळायला बसायचे आणि पणाला गावं लावायचे. आज चार गावं याची, उद्या सहा त्याची. दुसरी गोष्ट आणखी खट्याळ आहे: सीमा आखणाऱ्या गोऱ्या साहेबाला चढली होती, दौत कलंडली, नकाशावर शाई उडाली आणि साहेबाने पुसायचा आळस केला. गोष्टी झकास आहेत, पण खऱ्या नाहीत. खरं कारण जास्त रुक्ष आहे, आणि मला विचाराल तर जास्त अचंब्याचं.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मुघल फौजा कूचबिहारच्या दक्षिणेकडच्या चकल्यांवर, म्हणजे महसुली विभागांवर, चालून येत होत्या. लढाया झाल्या, दोन्ही बाजू थकल्या आणि १७११ ते १७१३ या काळात तह झाले. बोदा, पाटग्राम, पूर्वभाग असे चकले मुघलांकडे गेले. पण त्या चकल्यांत राजाशी इमान राखणारे जमीनदार आपापल्या गावांत पाय रोवून बसले होते, आणि त्यांना उठवणं मुघलांना जमलं नव्हतं. उलट कूचबिहारच्या हद्दीत काही मुघल शिपाई जमिनी धरून बसले होते. मग जो ज्याला सारा भरतो तो त्याचा, असं ठरलं. गाव कुठे आहे हा प्रश्नच नव्हता. गाव कुणाला देतं, हा होता.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. सांगली संस्थान घ्या. राजधानी कृष्णाकाठी, पण गदगजवळचं शिरहट्टी सांगलीचं, बेळगावला खेटलेलं शहापूर सांगलीचं, तेरदाळ सांगलीचं, इकडे मंगळवेढंही सांगलीचंच. मध्ये इंग्रजांचा मुलूख नाहीतर दुसऱ्या पटवर्धनांचा. जुनं राज्य असंच असायचं, गोधडीसारखं. शहापूरचा माणूस बेळगावात बाजाराला जाताना कुणाची परवानगी मागत नव्हता. पुढे १९४८ साली दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि गोधडीवरचे टाके दिसेनासे झाले. (शहापूर-बेळगावच्या नशिबी पुढे वेगळा सीमातंटा आला, तो विषय निराळा.)

कूचबिहारच्या गोधडीचं तसं झालं नाही, कारण तिच्यामधून १९४७च्या फाळणीची कात्री गेली. सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफने ब्रिटिश बंगालची वाटणी केली, त्यात रंगपूर पाकिस्तानात गेलं. कूचबिहार होतं संस्थान, ते त्याच्या कामात येतच नव्हतं. दोन वर्षांनी, १९४९ साली, महाराजा जगद्दीपेंद्र नारायण यांनी ते भारतात विलीन केलं, आणि त्याबरोबर तहात मिळालेले सगळे शिंतोडेही भारतात आले. या महाराजांचं आजोळ बडोद्याचं, हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं. सयाजीरावांची लेक इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडून १९१३ साली कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केलं. नवरा १९२२ साली गेला तेव्हा मुलगा लहान होता, आणि कारभार तिच्या हाती आला. म्हणजे बरीच वर्षं कूचबिहारच्या सगळ्या छिटांचा सारा गायकवाडांच्या एका मुलीच्या तिजोरीत जात होता. तिला त्यात काही गैर वाटलं असेल असं मला वाटत नाही.

गैर व्हायला सुरुवात झाली १९५२ साली. भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यामध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आले.

आता एका भारतीय छिटातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गाव भारताचं, चौफेर पाकिस्तान, पुढे बांगलादेश. बाहेर पडायला व्हिसा हवा. व्हिसाला पासपोर्ट हवा. पासपोर्टाचं कार्यालय भारतात. तिथे पोचायचं तर मधली परकी जमीन तुडवायची, आणि त्यासाठी व्हिसा हवा! कायद्याने वागायचं ठरवलं तर माणूस जन्मभर गावाच्या वेशीवर उभा राहील. मीठ आणायला गेला की घुसखोर. बाळंतिणीला दवाखान्यात नेलं की घुसखोर.

छिटात पोलिस ठाणं नाही, पोस्ट नाही, शाळा नाही. विजेच्या तारा डोक्यावरून जायच्या, खाली उतरायच्या नाहीत. जमिनीचा सौदा साध्या कागदावर, गावच्या पंचांच्या साक्षीने. आसपासच्या गावांशी नातं मात्र दोन्ही अंगांनी चाले. बोली तीच, राजबंशी वळणाची. हाट तोच, भात-ताग-तंबाखू ही पिकंही तीच. छिटातला तरुण शेजाऱ्याच्या शेतात रोजाने जायचा. आणि कापणीच्या हंगामात त्याच शेजाऱ्यांपैकी कुणी रातोरात त्याचं उभं पीक कापून नेलं तर तक्रार कुठे करायची? इथले पोलिस म्हणणार, तो आमचा मुलूख नाही. तिथले पोलिस येऊच शकत नाहीत. दरोडेखोरांना लपायला जागा सोयीची, म्हणून ‘छिटातला’ ही शेजारच्या गावात शिवीच झाली. भाषा, धर्म, जेवण यांतलं काहीच वेगळं नसताना केवळ कागदाने दोन शेजाऱ्यांना एकमेकांना परकं करता येतं, हे मला या सगळ्यात सर्वांत चक्रावणारं वाटतं.

त्यावर लोकांनी काढलेला तोडगा ऐकून हसावं की काय करावं कळत नाही. भारतातल्या मशालडांग्यासारख्या बांगलादेशी छिटांतली मुलं भारतीय शाळेत घालायची तर बाप भारतीय दाखवावा लागे. मग शेजारच्या गावातला एखादा ओळखीचा, काका म्हणून हाक मारण्यातला माणूस दाखल्यापुरता बाप व्हायचा. दवाखान्यात बाईला नवऱ्याचं नाव असंच उसनं घ्यावं लागे. जो शेजारी पीक चोरायचा त्याच्याच गावातला दुसरा कुणी आपलं नाव द्यायचा.

दोन्हीकडची सरकारं काय करत होती? करार करत होती. १९५८ साली नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी अदलाबदल ठरवली; सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, देशाची जमीन द्यायची तर आधी घटनादुरुस्ती करा. १९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांचा करार झाला. बांगलादेशाने त्याच वर्षी मान्यता दिली. आपली शंभरावी घटनादुरुस्ती यायला २०१५ उजाडलं. एकेचाळीस वर्षं! बांध कोरल्याचे आपले दावे यापुढे झटपट म्हणायचे.

मधल्या काळात एका जागी मात्र बघण्यासारखं घडलं: तीन बिघा. दाहाग्राम-अंगारपोता हे मोठं बांगलादेशी छिट आणि बांगलादेश यांच्यामध्ये भारताची चिंचोळी पट्टी, १७८ मीटर लांब, ८५ मीटर रुंद. ही वाट बांगलादेशाला भाडेपट्ट्याने द्यायचं कलम १९७४च्या करारात होतं. १९८२ साली त्याच्या अटींवर बांगलादेशातर्फे सहमती दिली जनरल इर्शाद यांनी. त्यांचा जन्म दिनहाट्याचा, म्हणजे कूचबिहार जिल्ह्यातलाच! पलीकडच्या कुचलीबाडीच्या भारतीय गावकऱ्यांना मात्र धास्ती वाटली, की वाट त्यांना दिली तर आपणच छिट होऊन बसू. आंदोलनं पेटली, माणसं दगावली. शेवटी २६ जून १९९२ रोजी फाटक उघडलं, तेही कसं? दिवसाउजेडी, एक तास उघडं, एक तास बंद. सूर्य मावळला की कुलूप. रात्री कुणाच्या पोटात कळा आल्या तर सकाळची वाट बघायची. चोवीस तास वाट खुली व्हायला २०११ उजाडलं. आजही तिथे दोन रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. एकावरून भारतीय जातात, दुसऱ्यावरून बांगलादेशी, आणि चौकात सीमा सुरक्षा दलाचा जवान उभा असतो. दाहाग्राम अदलाबदलीतून वगळलं होतं, म्हणून ते अजून छिटच आहे.

बाकी १६२ तुकडे ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री विरघळले. मशालडांग्यात अडुसष्ट दिवे लावले, १९४७ पासूनच्या एकेका वर्षाचा एकेक. माणसं जागची हलली नाहीत, देश हलले. कुठला देश हवा हे आधीच विचारलं होतं. २०११च्या शिरगणतीत दोन्हीकडे मिळून ५१,५४९ माणसं भरली होती. त्यांतल्या बांगलादेशातल्या भारतीय छिटांमधून हजाराच्या आतच माणसं भारतात यायला निघाली. भारतातल्या बांगलादेशी छिटांमधून तिकडे जायला एकही निघालं नाही. आलेल्यांना दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीच्या छावण्यांत पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, आणि तात्पुरत्या म्हणून दिलेल्या त्या खोल्यांत वर्षांमागून वर्षं गेली.

पुढच्या मे महिन्यात विधानसभेचं मतदान झालं. मशालडांग्यातल्या, शंभरी ओलांडलेल्या एका आजोबांनी जन्मात पहिल्यांदा बोटाला शाई लावून घेतली. त्याच गावातल्या शिकलेल्या पोरांपुढे मात्र भलताच पेच होता. नव्या ओळखपत्रावर खरा बाप, दहावीच्या प्रमाणपत्रावर शेजारचा काका, आणि नोकरीचा अर्ज भरताना दोन्ही कागद जोडायचे.