पारण्याची बासुंदी आणि हृदयाची लय

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी दत्तक्षेत्र म्हणून जशी ख्यात, तशीच पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीसाठीही. कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर परिसरातील आपल्या कुटुंबांत अठाईची सांगता झाली, की तपस्व्याच्या ताटात वाडीची बासुंदी वाढावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच दिवसांत एखाद्याच्या छातीत धडधड सुरू होते, ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि कोणीतरी हितचिंतक सांगतो, "मॅग्नेशियमची गोळी सुरू करा." हा सल्ला कितपत योग्य, याचा विचार करावयास हवा.

हृदयाचा ठोका क्षारांच्या आधाराने चालतो, हे ज्ञान जुने आहे. १८८०च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत होते. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात ते हृदय चालत राही. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरताच मंदावे. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हे त्याचे कारण ठरले. आज रुग्णालयात लावले जाणारे 'रिंगर लॅक्टेट' सलाईन त्यांचेच नाव सांगते.

रक्तातील पोटॅशियम साधारणतः लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल असते. ते फार घटले तरी ठोके बिघडतात आणि फार वाढले तरी हृदय बंद पडू शकते. मॅग्नेशियम कमी असेल, तर पोटॅशियमची उणीवही सहजी भरून निघत नाही. म्हणून कमतरता सिद्ध झाल्यास डॉक्टर हे क्षार देतात. मात्र प्रमाण योग्य असताना वरून गोळ्या घेतल्याने लय सुधारते, असा भक्कम पुरावा नाही.

दीर्घ उपवासात शरीरातील क्षारांचा साठा हळूहळू रिता होतो, तरी रक्ततपासणीत आकडे बरे दिसू शकतात. पारण्याला एकदम गोड पोटात गेले, की इन्शुलिन वाढते आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस रक्तातून पेशींत ओढले जातात. पाच दिवसांहून अधिक निराहार राहिलेल्यांना हा धोका संभवतो. पारण्यानंतरचे पहिले काही दिवस अधिक जपण्याचे. मुगाचे पातळ कढण अल्प प्रमाणात घेऊन आहार क्रमाने वाढवण्याची आपल्या घरांतील रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. बासुंदी वर्ज्य नाही; तिची घाई वर्ज्य आहे.

उपवास नसतानाही काही औषधे हा तोल ढळवतात. सूज वा रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या अनेक गोळ्यांनी पोटॅशियम उतरते. पित्तासाठी वर्षानुवर्षे पँटोप्राझोल घेणाऱ्यांचे मॅग्नेशियम घटू शकते. याउलट टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांनी पोटॅशियम चढते. अशा व्यक्तीने, अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने, पोटॅशियमची गोळी किंवा 'लो सोडियम' मीठ मनाने घेणे घातक ठरू शकते. अशांनी शहाळ्याचे पाणीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

निरोगी माणसाची गरज मात्र आहारातून भागते. आपल्याकडे बटाटा नाही, चातुर्मासात अनेकांकडे पालेभाजीही नाही. तरी मूग, हरभरा, केळी, दूध, ज्वारी, बाजरी, बदाम यांतून ज्याच्या त्याच्या नियमात बसेल ते निवडता येते. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते.

गोळी घ्यावीच लागली, तर वेष्टन वाचावे. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. पूरक आहाराच्या डबीवर हिरवा ठिपका पाहावा. औषधांवर तो नसतो, म्हणून औषधविक्रेत्यास किंवा डॉक्टरांस विचारून साध्या गोळीचा पर्याय मागावा. पूरक आहार औषधी वापरासाठी नाही, ही सूचनाही त्याच डबीवर छापलेली असते.

धडधड वारंवार होत असेल, तर ईसीजी आणि रक्तातील क्षारांची तपासणी आधी, गोळी नंतर. धडधडीबरोबर भोवळ, छातीत दुखणे वा धाप असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी दीर्घ तपाचा संकल्प करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. दुकानात रोकड मोजल्यावाचून आपण जमाखर्च लिहीत नाही. शरीराच्या खात्यावरही मोजल्यावाचून जमा टाकू नये.