जुनी जीप किती उंच करावी?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात जीपच्या पाट्यांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पाटे आले. कराडजवळ महामार्गाला लागून वडिलांचे पाटे दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे आणि अकरावीपासून तिथली मापांची वही माझ्या ताब्यात आहे. यंदा पावसाळा सरल्यावर मामा आपली जुनी जीप घेऊन आले आणि म्हणाले, "दाजी, चार इंच वर घ्या." त्यावर आमच्याकडे आठ दिवस खल चालला. त्या खलातून मला जे उमगले ते इथे मांडते.

मामांची गाडी सीजे-३बी जातीची, उंच बॉनेटची. हा नमुना विलीज कंपनीने अमेरिकेत १९५३ साली काढला आणि महिंद्रने तो आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे बनवला. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच. मामांची वाडी पाटण तालुक्यात डोंगरावर आहे. पावसाळ्यात एस.टी. खालच्या फाट्यापर्यंतच येते. तिथून वर खताची पोती, शाळेचे मास्तर आणि प्रसंगी आजारी माणूस याच गाडीतून जातो. तेव्हा ही गाडी उंच करणे ही हौसेची बाब नव्हे.

मामांची तक्रार अशी, की चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा खालून घासतो. वडिलांनी गाडीखाली शिरून खुणा पाहिल्या. ओरखडे चासीला नव्हते, मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला होते. सगळी गोम इथेच आहे. जीपमध्ये दोन्ही चाके एका अखंड ॲक्सलला जोडलेली असतात आणि चासी पाट्यांच्या आधाराने त्या ॲक्सलवर तोललेली असते. पाट्याची कमान वाढवली की चासी वर जाते, गोळा मात्र होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायर मोठा हवा आणि तिथेही निम्माच लाभ! २८ इंच व्यासाच्या जागी ३० इंचांचा टायर घातला तर गोळा एकच इंच वर येतो. मग पाटे कशाला उंच करायचे? तर मोठा टायर खड्ड्यात वर आला असता मडगार्डला घासू नये म्हणून, आणि चढाच्या तोंडाशी गाडीचे नाक व शेपूट टेकू नये म्हणून.

पुढचा प्रश्न मोजमापाचा. सपाट फरशीवर, टाकी भरून, नेहमीचे ओझे ठेवून चारही बाजूंनी ॲक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर मोजले. मागचा उजवा पाटा डाव्यापेक्षा पाऊण इंच बसलेला निघाला. जुन्या गाडीत हे नेहमीचेच. चालकाची बाजू वर्षानुवर्षे जास्त भार सोसते. असे बसलेले पाटे मूळ कमानीवर आणणे हेच पहिले काम. ते न करता चारीकडे सारखी भर घातली तर गाडी उंच होईल, पण तिरकीच राहील.

उंची वाढवण्याचे मार्ग अनेक आहेत. पाटा तापवून कमान वाढवता येते; मात्र नंतर तेलात विझवून पुन्हा बेताने तापवला नाही, तर तो एक तर मोडतो किंवा वर्षभरात बसतो. जादा पाटा घालता येतो, पण त्याने ताठरपणाही वाढतो. सारख्या जाडीचे सात असतील तिथे आठ केले, तर ताठरपणा साधारण सातव्या हिश्श्याने वाढतो. जाडीचा हिशेब तर चकित करणारा आहे. ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटरचा पाटा दिसायला तेवढाच, पण दीडपटीहून अधिक ताठर! रिकामी गाडी मग उड्या मारत चालते आणि उडालेल्या चाकाला ना पकड, ना ब्रेक. लांब शॅकल लावणे हा स्वस्त उपाय, पण दोन इंच लांब शॅकलने उंची एकच इंच मिळते.

मामांना भुरळ पडली होती ती चौथ्या मार्गाची. या जीपचा पाटा ॲक्सलच्या खालून जातो. तो वरून घेतला की एका दमात चार-पाच इंच मिळतात, खर्च काय तो वेल्डिंगचा. शहरातली हौशी मुले हेच करून घेतात. (अशा गाड्यांचे फोटो फार छान येतात, हे मान्य करायला हवे.) पण त्याची किंमत गाडीखाली मोजावी लागते. चासी वर गेली की प्रोपेलर शाफ्ट अधिक तिरका होतो. समजा शाफ्ट २० इंचांचा आहे. तर दोन इंचांनी त्याचा तिरपेपणा जवळजवळ ६ अंशांनी वाढतो, चार इंचांनी ११ अंशांनी. ४० इंचांच्या शाफ्टला दोन इंचांत ३ अंशही लागत नाहीत. म्हणजे लांब गाडीला जे पचते ते आखूड गाडीला पचत नाही. तिचे क्रॉस लवकर झिजतात, शाफ्ट थरथरतो.

स्टिअरिंगचेही तसेच. स्टिअरिंगकडून ॲक्सलकडे येणारा दांडा जितका आडवा तितका बरा. तो उतरता झाला, की चाक खड्ड्यात वरखाली होताना दांडा त्याला ढकलतो आणि गाडी आपोआप बाजूला ओढली जाते. शिवाय सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा जीपच्या पुढच्या ॲक्सललाही थोडा कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर चाक सरळ होऊ पाहते ते त्यामुळे. नुसती मागची बाजू उचलली तर हा कल कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. म्हणून पुढे-मागे मिळूनच उचलावे लागते आणि कल उरला नाही तर पाटा व ॲक्सल यांत पोलादी पाचर द्यावी लागते.

कलंडण्याचा हिशेब मी वहीत मांडून मामांना दाखवला. दोन चाकांतील रुंदी ४९ इंच आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २६ इंच धरला, तर उभी गाडी साधारण ४३ अंशांच्या उतारावर कलंडेल. मध्य तीन इंच वर गेला तर ४० अंश. मागे बाकांवर माणसे बसून तो ३२ इंचांवर आला तर ३७. चालत्या गाडीत पाटे खालच्या बाजूला दबतात, त्यामुळे खरा आकडा याहून कमीच. मामा वही बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "पोरी, आमच्या वळणावर एवढा उतार रोजचा हाय."

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तक जुळेनासे होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यायचे ठरले.

शेवटी आराखडा झाला तो असा. आधी चारही पाटे मूळ मापावर, मग पुढे-मागे दीड-दीड इंच कमान, आणि २८ च्या जागी ३० इंचांचे टायर. जादा पाटा नाही. शॉकॲब्सॉर्बर घेण्यापूर्वी चासी उचलून चाके लोंबकळत ठेवायची आणि पूर्ण ताण व पूर्ण दाब ही दोन्ही मापे घ्यायची. कारण दाबात शॉक आधी टेकला तर तो वाकतो. त्याच वेळी ब्रेकची रबरी नळी पाहायची. चाक लोंबकळत असताना, आणि पुढची तर दोन्हीकडे पूर्ण वळवूनही, ती सैल राहिली पाहिजे. ताणली गेली तर लांब नळी आधी, बाकी सारे नंतर. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर सुमारे ७ टक्के कमी वेग दाखवेल, तेही मामांना सांगून ठेवले आहे. काम शिमग्यापूर्वी करायचे आहे. ५०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून चारही मापे वहीत घ्यायची आणि समोरच्या वाहनाच्या डोळ्यांवर जाऊ नयेत म्हणून हेडलाइट थोडे खाली करायचे.