बाळाच्या खोलीतला कान

शिशुवर्गाच्या या वेळच्या पालकसभेत डब्याचा विषय बाजूला राहिला आणि भलत्याच गोष्टीवर चर्चा रंगली. एका आईने विचारले, "धाकटा तीन महिन्यांचा आहे. दुपारी तो माडीवर झोपतो, मी खाली स्वयंपाकघरात असते. सासूबाईंना ऐकू कमी येते. बेबी मॉनिटर घ्यावा का, आणि घ्यावा तर कोणता?" एक आजोबा लगेच म्हणाले, "आमची पाच मुले यंत्राशिवायच वाढली!" खरे आहे. पण तेव्हा पाळण्याजवळ कोणी ना कोणी असायचेच. आता दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांतही दुपारी घरात दोनच माणसे असतात. म्हणून आम्ही शिक्षिकांनी थोडी माहिती जमवली, ती पालकांपुढे ठेवत आहोत.

हे यंत्र तसे जुनेच. १९३२ साली अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या लहान मुलाचे अपहरण झाले. त्या धास्तीतून झेनिथ रेडिओ कंपनीने १९३७ मध्ये 'रेडिओ नर्स' हे यंत्र काढले. इसामू नोगुची या नामवंत शिल्पकाराने त्याला रूप दिले होते. बाळाच्या खोलीतला आवाज घरातल्या विजेच्या तारांमधूनच दुसऱ्या खोलीत जात असे.

आता तारेऐवजी रेडिओलहरी आल्या, एवढाच मुख्य फरक. बाळाजवळच्या भागात मायक्रोफोन असतो, आईजवळच्या भागात स्पीकर. जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांत शेजाऱ्यांनाही आपल्या घरातले बोलणे ऐकू येण्याची सोय होती (वाड्यात ती यंत्राशिवायही असते!). डिजिटल यंत्रात तसे सहसा होत नाही. चित्र दाखवणारी आणि वाय-फायवर चालणारी यंत्रेही मिळतात. पण माडीवरचे रडणे खाली ऐकू यावे, एवढ्याच कामासाठी साधे आवाजाचे यंत्र पुरे, असे आमचे मत आहे.

खोक्यावर '३०० मीटर' असे छापलेले असते, ते मोकळ्या मैदानातले अंतर. एका पालकांच्या वाड्यात आम्ही करून पाहिले. माडीवर गजराचे घड्याळ ठेवले. खाली माजघरात गजर स्वच्छ ऐकू आला, पण हातभर जाडीची भिंत ओलांडून मागच्या स्वयंपाकघरात गेलो तर नुसती खरखर. त्यात मिक्सर सुरू झाला की संपलेच. म्हणून आवाजाबरोबर दिवे लागणारे किंवा थरथरणारे यंत्र घ्यावे. कमी ऐकू येणाऱ्या आजींनाही ते उपयोगी पडते. संपर्क तुटला की इशारा देणारे आणि वीज गेल्यावर सेलवर चालणारे असेल तर उत्तम. दुकानदाराकडून बदलून मिळण्याची मुदत आधी विचारून घ्यावी आणि त्याच दिवशी घरभर फिरून पाहावे. हे काम मोठ्या ताई-दादांनी आनंदाने करावे.

परदेशातल्या नातेवाइकांनी यंत्र आणले तर त्याच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. आमच्यापैकी एकीने फक्त ११० ते १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात लावला. मिनिटभरात जळका वास आला आणि यंत्र कायमचे गप्प झाले.

आता सर्वांत महत्त्वाचे. यंत्राची वायर पाळण्यापासून निदान एक मीटर, म्हणजे सुमारे तीन फूट लांब हवी. बाळ उपडे होऊ लागले, हात लांबवू लागले की ते वायर ओढून घेते आणि ती गळ्याभोवती बसू शकते. अशा दोन बालमृत्यूंनंतर २०११ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सुमारे १७ लाख मॉनिटरांबाबत परत-मोहीम जाहीर केली होती. आपल्याकडे टांगता पाळणा हलतो, हे लक्षात घेऊन झोका जिथवर जातो तिथून अंतर मोजावे. यंत्र पाळण्याच्या कठड्याला कधीही बांधू नये.

बाळाच्या पायात घालायचे, श्वास किंवा रक्तातला प्राणवायू मोजणारे मोजेही निघाले आहेत. किंमत भारी आणि खोटे इशारे देऊन घर जागे ठेवणारे. झोपेत होणारे आकस्मिक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून निरोगी बाळांसाठी ते वापरू नयेत, असा अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे. बाळाला उताणे निजवणे, अंथरूण सपाट व घट्ट असणे, जवळ उशी-गोधडीचा ढीग नसणे, यांना यंत्र पर्याय नाही. डॉक्टरांनीच सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

वाय-फायचा कॅमेरा बहुधा परदेशातल्या आत्या-काकांच्या आग्रहाने येतो. नातवंड रोज दिसावे, हा हट्ट समजण्यासारखा आहे. पण कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१३ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे एका अनोळखी माणसाने अशाच यंत्रातून झोपलेल्या मुलीला शिवीगाळ केली होती. आत्याशी बोलणे झाले की कॅमेरा बंद करावा.

सभेतल्या त्या आईने अखेर दिवे लागणारे साधे यंत्र घेतले आणि दुपारचा पाळणाही माजघरात आणला. आम्ही वाड्यात वापरलेले यंत्र शिशुवर्गात ठेवले आहे. आपल्या घरच्या भिंतींतून आवाज येतो का हे पाहायचे असल्यास दोन दिवसांसाठी न्यावे. सेल मात्र आपापले आणावेत.