पडण्यासाठी उभे राहणारे उमेदवार

हिमायतनगर तालुका नांदेड जिल्ह्यात आहे. जिल्हाधिकारी कचेरी नांदेडला, जिल्हा परिषद नांदेडला; पण खासदार मात्र हिंगोलीचा. विधानसभेला हिमायतनगर आणि हदगाव हे दोन तालुके मिळून हदगाव मतदारसंघ होतो आणि तो हिंगोली लोकसभेला जोडलेला आहे. या लोकसभा मतदारसंघात हिंगोली जिल्ह्याचे तीन विधानसभा मतदारसंघ, नांदेडचे हदगाव आणि किनवट, शिवाय यवतमाळचे उमरखेड येतात. म्हणजे एका खासदाराला तीन जिल्ह्यांच्या प्रशासनाशी झगडायचे असते. आपले म्हणणे मांडणारा माणूस नक्की कोण, हा प्रश्न अशा ठिकाणी कागदावरचा राहत नाही. यावर कुणी म्हणेल की २०२४ साली हिंगोलीत लढलेले दोन्ही प्रमुख उमेदवार, नागेश पाटील आष्टीकर आणि बाबुराव कदम कोहळीकर, हदगावच्याच राजकारणातले होते. मग तक्रार कसली? तक्रार उमेदवाराच्या गावाबद्दल नाही. तिकीट कुणाला द्यायचे हे पक्ष ठरवतो, सीमा परिसीमन आयोग आखतो, आणि या दोन्ही वेळी मतदाराला फारसे कुणी विचारत नाही. हे बदला असे सांगायला कुणी स्वतःच निवडणुकीला उभे राहिले, तर त्याला हौशी म्हणून हसण्याचे कारण नाही.

अशी उमेदवारी आपल्याकडे नवी नाही. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाभागातल्या मराठी माणसांचा प्रश्न दिल्लीला दिसावा, म्हणून केलेला तो उद्योग होता. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याच्या प्रश्नावर ४८० उमेदवार रिंगणात उतरले. सरकारने यातून धडा घेतला तो असा, की लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १० हजारांवर नेली आणि अपक्षाला दहा सूचक सक्तीचे केले. पुढे अनामत २५ हजार झाली. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. तरीही २०१९ साली नांदेडला लागून असलेल्या निजामाबादेत हळद उत्पादक शेतकऱ्यांनी भावाच्या प्रश्नावर अर्जांची रांग लावली आणि रिंगणात १८५ उमेदवार राहिले. मतदान यंत्राच्या एका पेटीवर सोळा बटणे असतात. १८५ उमेदवार आणि ‘नोटा’ मिळून १८६ बटणे लागणार, म्हणून प्रत्येक केंद्रावर बारा पेट्या मांडाव्या लागल्या. ज्याला मत द्यायचे त्याचे नाव शोधत मतदाराने बारा पेट्यांवरून नजर फिरवायची, असे ते दृश्य. त्या निवडणुकीत तिथल्या विद्यमान खासदार पडल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले, त्याचे मुख्यालय निजामाबादेतच ठेवले गेले. हे सगळे त्या अर्जांमुळेच घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण हळदीचा भाव हा निवडणुकीचा विषय झाला तो त्या शेतकऱ्यांमुळे, एवढे निश्चित.

असे उमेदवार मते खातात, हा नेहमीचा आक्षेप. विधी आयोगाने तर १९९९ च्या १७० व्या अहवालात आणि पुन्हा २०१५ च्या २५५ व्या अहवालात अपक्षांवर बंदी घालावी, अशी शिफारस केली. नामसाधर्म्याचा माणूस शोधून त्याला उभे करण्याचे प्रकार होतात, हे खरेच आहे. पण मते फुटून निकाल फिरतो तो आपल्या पद्धतीमुळे: सर्वांत पुढे असलेला जिंकतो, मग निम्म्याहून जास्त लोक त्याच्या विरोधात का असेनात. १९९९ च्या त्याच अहवालाने पक्षांच्या मतांच्या प्रमाणात काही वाढीव जागा भरण्याचाही विचार मांडला होता. तो मागे पडला आणि अपक्षांना बाहेर ठेवण्याची भाषा तेवढी टिकली. दुखणे पद्धतीचे आणि इलाज मात्र उमेदवारावर, हे मला पटत नाही. खुद्द हदगावात २०१९ साली कोहळीकर अपक्ष म्हणून दुसऱ्या क्रमांकावर होते. २०२४ ला तेच शिवसेनेच्या तिकिटावर आमदार झाले. अपक्षांवर बंदी असती, तर त्या हजारो मतदारांना आपला कौल दाखवायला जागाच उरली नसती.

माझ्या मते, सुधारणेसाठी उभे राहणाऱ्याने लोकसभेपेक्षा जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण निवडावा. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. संविधानाने पाच वर्षांची मुदत घालून दिली असताना निवडणुका इतक्या रखडल्या, की ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या चार महिन्यांत घ्या असे सांगावे लागले, आणि पुढे ती मुदतही वाढवून द्यावी लागली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, हे कारण खोटे नाही. पण त्या काळात शाळेच्या खोलीसाठी, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरसाठी भांडायला गावाजवळ निवडून आलेला सदस्यच नव्हता. गटाची निवडणूक लहान असते, पायी फिरून होते. तिथे अपक्षाचे म्हणणे घराघरांत पोचते. मुदतीत निवडणूक, पुढच्या परिसीमनात तालुक्याचे म्हणणे ऐकणे, उमेदवाराच्या शपथपत्राचे गावात जाहीर वाचन, एवढ्या तीन मागण्या घेऊन कुणी हिमायतनगरात अर्ज भरला, तर तो निवडून येईल की नाही, याचा हिशेब नंतर करा. आधी त्याच्या अर्जावर सूचक म्हणून सही करा.