एका बॅटीचे दोन स्वभाव

टेबल टेनिसच्या बॅटीची एक बाजू काळी आणि दुसरी तांबडी का असते? शोभेसाठी नव्हे! दोन्ही बाजूंची रबरे भिन्न स्वभावाची असू शकतात. चेंडू कोणत्या बाजूने मारला हे प्रतिस्पर्ध्याला दिसावे, म्हणून दोन रंगांचा हा नियम १९८० च्या दशकात आला. आता एक बाजू काळी असावीच लागते. दुसरीसाठी तांबड्याशिवाय आणखी काही उठावदार रंगांना २०२१ पासून परवानगी आहे.

दोन बाजूंना दोन प्रकारची रबरे लावून खेळणे म्हणजे मिश्र शैली. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळवणारी मनिका बत्रा याच पद्धतीने खेळते. तिच्या बॅकहँडच्या बाजूला लांब दाण्यांचे, म्हणजे 'लाँग पिंपल' रबर असते. मग आपणही तसेच घ्यावे का? ठरवण्यापूर्वी रबर काय काम करते ते पाहू.

नेहमीच्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्याचे दाणे आतल्या बाजूला असून खाली स्पंज असतो. चेंडू रबराला टेकतो तो सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाइतका वेळ. पण तेवढ्यात घर्षणामुळे रबर त्याला पकडते आणि फिरकी देते. समजा, समोरून जोराचा टॉपस्पिन आला. या चेंडूची तुमच्याकडची बाजू खाली धावत असते. रबर तिला अडवते, त्यामुळे चेंडूला वरच्या दिशेने रेटा मिळतो. बॅट सरळ धरली तर चेंडू उंच उडून टेबलाबाहेर जातो. म्हणूनच प्रशिक्षक बॅट पुढे झुकवायला सांगतात.

लाँग पिंपलचे दाणे बाहेर असतात आणि चेंडू लागताच वाकतात. पकड फार थोडी, म्हणून चेंडूची मूळची फिरकी बरीचशी तशीच राहते. बदलते ती प्रवासाची दिशा. बैलगाडीचे चाक आठवा. पुढे जाणारे चाक फिरण्याची दिशा न बदलता मागे ओढत नेले, तर ते प्रवासाच्या मानाने उलटे फिरत आहे असे आपण म्हणू. चेंडूचेही तसेच होते. प्रतिस्पर्ध्याचा टॉपस्पिन त्याच्याकडे बॅकस्पिन होऊन परत जातो! तो नेहमीच्या सवयीने मारायला जातो आणि चेंडू जाळीत अडकतो.

मात्र यातली दुसरी बाजू विसरू नका. लाँग पिंपल आलेली फिरकी परत करते. स्वतः मोठी फिरकी निर्माण करू शकत नाही. समोरून साधा चेंडू आला तर त्याचा फारसा चमत्कार दिसत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूला पकड असलेले रबर हवेच. एकाने कोडे घालायचे आणि दुसऱ्याने गुण मिळवायचा, अशी ही विभागणी आहे.

नवे साहित्य खेळ कसा पालटते, याचे मोठे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. १९५२ साली तेथे जागतिक स्पर्धा भरली होती. तेव्हा बहुतेक खेळाडू स्पंज नसलेले दाणेदार रबर वापरत. जपानचा हिरोजी सातो मात्र जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तिच्यावरून चेंडू सुटताना नेहमीचा टक् आवाज येईना. वेगाचा अंदाज चुकू लागला. सातो जगज्जेता झाला. पुढे इतरांना त्या बॅटीची सवय झाली, आणि सातोला एकेरीचे जगज्जेतेपद पुन्हा मिळाले नाही. १९५९ साली रबर व स्पंज यांच्या एकूण जाडीवर ४ मिलिमीटरची मर्यादा आली. कोडे एकदा सुटले की उरते ते खेळाडूचे कौशल्य, हा त्यातला धडा!

आता लाकडाकडे वळू. बॅटीच्या लाकडी भागाला ब्लेड म्हणतात. नियमाप्रमाणे त्याच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. ब्लेडमध्ये बहुधा ५ किंवा ७ थर असतात. थर विषम संख्येत असले की मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखीच रचना येते आणि ब्लेड सहसा वाकत नाही. मिश्र शैलीत एकाच ब्लेडला दोन्ही रबरे सांभाळायची असतात. ब्लेड फार वेगवान असेल तर लाँग पिंपलवरून चेंडू लांब जातो. फार मंद असेल तर फोरहँडचा जोर जातो. म्हणून सुरुवातीला ५ थरांचे, मध्यम वेगाचे, संपूर्ण लाकडी ब्लेड बरे. फोरहँडला १.८ ते २ मिलिमीटर स्पंजचे गुळगुळीत रबर आणि बॅकहँडला पातळ स्पंजचे लाँग पिंपल लावावे. पण आधी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत रबर वापरून मूळ फटके पक्के करा. ज्याला फिरकी ओळखता येत नाही, तो स्वतःच्याच बॅटीच्या कोड्यात अडकतो.

पालघरजवळच्या शिरगावसारख्या समुद्रकाठच्या गावात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की गुळगुळीत रबरावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि घर्षण घटते. लाँग पिंपलची पकड मुळातच कमी, त्यामुळे तिथे फरक कमी जाणवतो. म्हणजे दोन स्वभाव एकमेकांजवळ येतात आणि महागड्या रबराचा गुणच हरवतो! लाकूडही ओलावा शोषून जड होते. यावर उपाय साधा आहे: रबर खेळण्यापूर्वी कोरड्या फडक्याने टिपा, खेळून झाल्यावर स्वच्छ पुसा आणि बॅट पिशवीत बंद ठेवा.

शेवटी एक प्रयोग. बॅट टेबलावर आडवी ठेवून घट्ट धरा. चेंडूवर पेनाने ठिपका काढा. सुमारे ३० सेंटीमीटर उंचीवरून चिमटीने चेंडूला चाकासारखी उभी फिरकी देऊन तो सोडा. गुळगुळीत रबरावरून तो बाजूला उडी घेईल. मग लाँग पिंपलवर तसेच करा; ते नसेल तर रबरावर प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद ताणून बसवा. आता चेंडू बराचसा सरळ वर येईल आणि ठिपका फिरतच राहील. प्रत्येक बाजूवर १० वेळा करून चेंडू किती सेंटीमीटर बाजूला गेला ते वहीत लिहा. दुकानात जाण्यापूर्वी ती वही एकदा उघडा. जाहिरातीपेक्षा तिचा सल्ला अधिक भरवशाचा असेल.