लग्नघरचा हौद व हिरवें पाणी

वैशाखांतील लग्नतिथि ठरली कीं मांडव, आचारी व वाजंत्री यांची तजवीज आपला कास्तकार महिनाभर आधीं करतो. परंतु वावरांतील हौदाकडे त्याचें लक्ष बहुधा हळदीच्या दिवशींच जातें. तोंपर्यंत पाणी इतकें हिरवें व गढूळ झालेलें असतें कीं हातभर खालचें दिसत नाहीं. पाहुण्यांचीं मुलें तर उन्हाच्या तलखीनें आल्याबरोबर त्यांत उड्या घेणार. मग घाईघाईनें कोणी तुरटी टाकतो, कोणी ब्लीचिंग पावडर ओततो, कोणी संत्र्याच्या बागेकरितां आणून ठेवलेला मोरचूद काढतो. एका रात्रींत हें सर्व केल्यानें पाणी तर निवळत नाहींच, उलट अपाय मात्र होतो. ह्या कामास आठ दिवस द्यावे लागतात, आणि कोणती वस्तु आधीं व कोणती मागाहून हा क्रम संभाळावा लागतो. तो क्रम कास्तकार बंधूंपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हा हिरवेपणा कशाचा तें पाहूं. हौदाच्या भिंतीस चिकटलेलें बुळबुळीत शेवाळ सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याचेच अतिसूक्ष्म भाऊबंद पाण्यांत सुटे तरंगत असतात. ते एकेकटे डोळ्यांस दिसत नाहींत, पण त्यांची संख्या वाढली म्हणजे सर्व पाण्यास रंग चढतो. कपाशीस जें लागतें तेंच ह्यांसही लागतें: ऊन, नत्र व स्फुरद. वर्धा जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां उन्हाची वाण नाहीं. नत्र व स्फुरद आपण स्वतःच पुरवितों. ठिबकाची खताची टाकी हौदाच्या कांठीं धुतली, युरियाचें रिकामें पोतें त्यांतच खळबळलें, बैल धुतले, आणि वरून निंबाचा पाला पडून कुजला, कीं शेवाळाचें पीक बिनमशागतीचें तयार होतें! हा पुरवठा बंद केल्याखेरीज पुढील सर्व खर्च व्यर्थ आहे.

दुसरी गोष्ट मापाची. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कागदांत गेलें, म्हणून असेल कदाचित्, पण अंदाजपंचे औषध टाकणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. हौदाची लांबी, रुंदी व पाण्याची खोली मीटरमध्यें घेऊन गुणावी. जितके घनमीटर, तितके हजार लिटर. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सव्वा मीटर पाणी असलेल्या हौदांत ३० घनमीटर म्हणजे ३०,००० लिटर पाणी झालें. विहीर गोल असल्यास व्यासाचा वर्ग करून त्यास खोलीनें व मग ०.७८५ नें गुणावें. ५ मीटर व्यासाच्या विहिरींत ३ मीटर पाणी असेल तर तें सुमारें ५९,००० लिटर भरतें. हा आंकडा भिंतीवर खडूनें लिहून ठेवावा.

विहिरीस झरा चांगला असेल तर आमचें स्पष्ट मत असें कीं हौदाच्या पाण्यावर औषधांचे प्रयोग करूंच नयेत. तें सर्व पाणी संत्र्याच्या आळ्यांत किंवा भाजीपाल्यास सोडून द्यावें, खराट्यानें भिंती घांसाव्या, चुना फिरवावा, दोन दिवस ऊन लागूं द्यावें, नंतर धुऊन भरावा. परंतु भर उन्हाळ्यांत पुष्कळ ठिकाणीं विहीर तासाभरांत बसते. तेथें ३०,००० लिटर फेंकून देणें परवडत नाहीं. तशा हौदाकरितां पुढील रीत आहे.

लग्नाच्या आठव्या दिवशीं वरचा पाला व साय जाळीनें काढून भिंती व तळ घांसावा. पाणी आणखी गढूळ होईल; होऊं द्यावें. त्याच दिवशीं सूर्यास्तानंतर ब्लीचिंग पावडर घालावी. दिवसा घालूं नये, कारण तींतील क्लोरीन कडक उन्हांत कांहीं तासांतच नाहींसा होतो. ताज्या पावडरींत सुमारें एकतृतीयांश क्लोरीन असतो. शेवाळ मारण्यास हजार लिटरांस ३० ग्रॅम, म्हणजे वरील हौदास ९०० ग्रॅम पुरते. ती कोरडी भिरकावूं नये. एका बादलींत शंभरेक ग्रॅम घेऊन थोड्या पाण्यांत खळीसारखी कालवावी, मग बादली पाऊण भरावी, दहा मिनिटें थांबावें, आणि वरचें निवळ तेवढें हौदांत सर्वत्र फिरवून ओतावें. खालीं राहिलेला चुना बाहेर टाकावा. तो चुना हौदांत गेला तर पाणी दुधासारखें पांढरें होतें. देवळी तालुक्यांतील एका लग्नांत यजमानानें अख्खी पिशवी सकाळींच हौदांत उपडी केलेली आम्हीं पाहिली आहे. दोन तासांनीं मुलांचे डोळे तांबडे झाले, नव्या कपड्यांवर डाग पडले, आणि पाणी हिरव्याचें पांढरें झालें, एवढाच काय तो लाभ!

दुसऱ्या दिवशीं पाण्याचा हिरवा रंग जाऊन तें राखट दिसलें म्हणजे शेवाळ मेलें असें समजावें. हिरवेपणा राहिल्यास संध्याकाळीं निम्में प्रमाण पुन्हां द्यावें. आतां तुरटीची पाळी. मेलेलें शेवाळ इतकें हलकें असतें कीं तें आपोआप तळास बसत नाहीं; तुरटीमुळें त्याचे गोळे बनतात व ते खालीं बसतात. म्हणूनच तुरटी आधीं घालण्यांत अर्थ नाहीं. जिवंत शेवाळ ती मारीत नाहीं, आणि थोड्या दिवसांत पाणी पुन्हां हिरवें होतें. हजार लिटरांस ४० ग्रॅम, म्हणजे आपल्या हौदास १२०० ग्रॅम तुरटी गरम पाण्यांत विरघळवून ओतावी, बांबूनें पाणी हळूहळू ढवळावें, आणि नंतर एक रात्र व एक दिवस कोणीही त्यास हात लावूं नये. पंप चालू ठेवूं नये. मग नळी तळाशीं सोडून गाळ अलगद बाहेर खेंचावा. ह्यांत चारपांच बोटें पाणी खर्चीं पडेल, त्याचा लोभ करूं नये. तुरटी व पावडर एका बादलींत कधींही कालवूं नये, तसेंच पावडरीचा डबा युरियाच्या पोत्यांजवळ किंवा संडास धुण्याच्या आम्लाजवळ ठेवूं नये. ह्या वस्तु एकत्र आल्यास विषारी वायु सुटतो.

पाणी निवळलें कीं नाहीं ह्याची परीक्षा सोपी आहे. पांढरी चिनी बशी दोरीनें तळाशीं सोडावी; कांठावर उभें राहून ती स्वच्छ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर मुलांस पाण्यांत उतरूं देऊं नये, मग पाहुणे कितीही रुसोत. गढूळ पाण्यांत बुडालेलें मूल कांठावरच्या दहा माणसांसही दिसत नाहीं, आणि लग्नाच्या गडबडींत त्याची आठवण उशिरा होते. निवळलेल्या पाण्यास आदल्या संध्याकाळीं हजार लिटरांस ५ ग्रॅम पावडर द्यावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाजवळ क्लोरीन तपासण्याचें औषध असतें, त्याच्याकडून सकाळीं पाणी पाहून घ्यावें. फिकट पिवळा रंग आला तर ठीक. गर्द नारिंगी आल्यास उन्हांत आणखी कांहीं तास जाऊं द्यावे.

मोरचुदाविषयीं वेगळें लिहिणें भाग आहे. कारण आर्वी, आष्टी व कारंजा भागांत बोर्डो मिश्रणाकरितां तो घरोघर असतो. मोरचूद शेवाळ मारतो हें खरें आहे. सन १९०४ मध्यें अमेरिकेच्या कृषिखात्यांतील मूर व केलरमन ह्यांनीं तलावांकरितां ही रीत प्रसिद्ध केली होती. परंतु त्याची मात्रा हजार लिटरांस एक ग्रॅमच्या आसपास असते, मुठींनीं नव्हे. जास्त पडल्यास मासे मरतात, मेंढ्यांस विषबाधा होते, आणि तें पाणी पोटांत गेलेल्या माणसास वांत्या होतात. शिवाय आपलें पाणी जड, म्हणून त्यांत तांबें लवकर खालीं बसतें व गुण कमी येतो. लग्नाच्या तोंडावर मोरचुदास हात न लावणें बरें.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. पाण्यावर हिरवानिळा रंग सांडल्यासारखी दाट, कुबट वासाची साय आली असेल तर तें शेवाळ विषारी असूं शकतें. सन १८७८ मध्यें जॉर्ज फ्रान्सिस ह्या गृहस्थानें ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवरावरील अशी साय पिऊन मेंढ्या, घोडे व गुरें मेल्याची हकीकत ‘नेचर’ पत्रांत छापविली होती. असें शेवाळ मारलें असतां त्याच्या पोटांतील विष पाण्यांत उतरतें. म्हणून तेथें वरील उपचार न करतां गुरें दूर बांधावीं व त्या हंगामापुरता त्या पाण्याचा नादच सोडावा.

पंगतीचें पाणी ह्या हौदांतून घेऊं नये, तें कितीही निर्मळ दिसो. निवळीची बी किंवा तुरटी पाण्यांतील गढूळपणा खालीं बसविते, जंतूंची खात्री देत नाहीं. पिण्याकरितां विहिरीस हजार लिटरांस अडीच ग्रॅम, म्हणजे वरील ५९,००० लिटरांच्या विहिरीस सुमारें १५० ग्रॅम पावडर पूर्वीच्याच रीतीनें निवळ करून द्यावी. बादली पाण्यांत बुडवून खालवर हालवावी म्हणजे औषध सर्वत्र मिसळतें, आणि निदान एक तास पाणी उपसूं नये.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यास ह्यांतील कांहींच लागू करूं नये. तेथें पाणी स्वच्छ असलें तरी कड इतकी निसरडी असते कीं पोहणाऱ्या माणसासही वर चढतां येत नाहीं. कुंपणाचें फाटक लग्नाचे सर्व दिवस कुलूप लावून बंद ठेवावें, आणि कांठावर गांठी मारलेला दोर व हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवावी.

लग्न आटोपल्यावर हौदाचें पाणी दोन दिवस उन्हांत तसेंच राहूं द्यावें, मग झाडांस सोडण्यास हरकत नाहीं. पुढें हौद भरल्यावर अर्ध्या भागावर पऱ्हाटीचे तट्टे टाकून सावली केली तर शेवाळ सावकाश वाढतें. दर वर्षीं तट्टे बदलावे लागतात.