वाळूवरची चार चाके

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात वाळूची एकही टेकडी नाही. येथे खाली बेसाल्टचा कठीण खडक आहे आणि त्यावर पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी काळी कापसाची जमीन आहे. तरीही वाळूवर चालणाऱ्या एटीव्ही या यंत्राचा विचार या शहरातून करणे अस्थानी ठरत नाही. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिल्यापासून दुचाकी आणि तीनचाकी वाहनांचे सुटे भाग घडवणे हा येथील फार मोठ्या कामगारवर्गाचा व्यवसाय झाला, आणि त्याच वर्षी याच शहरात सुरू झालेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी शॉकअब्सॉर्बर, क्लच, डिस्क ब्रेक असे जे भाग बनवते, त्याच जातीच्या भागांची कसोटी वाळूवर सर्वाधिक लागते.

एटीव्ही म्हणजे ‘ऑल टेरेन व्हेइकल’: मोटारसायकलप्रमाणे दोन्हीकडे पाय टाकून बसायचे, हँडलने वळवायचे आणि फुगीर, कमी हवेच्या टायरांवर चालणारे वाहन. हिवाळ्यात अमेरिकेतील मोटारसायकलींची विक्री थंडावते म्हणून बर्फावर चालेल असे काही बनवावे, या गरजेतून होंडाचे अभियंते ओसामु ताकेउची यांनी जे तीनचाकी यंत्र रचले, ते १९७० मध्ये ‘यूएस ९०’ या नावाने बाजारात आले. त्याचे इंजिन अवघे ८९ सीसीचे होते. मात्र त्याच्या फुग्यासारख्या टायरांनी बर्फाइतकीच वाळूही जिंकली. वळणावर तीन चाके सहज कलंडत आणि अपघातांची संख्या वाढत गेली, म्हणून १९८८ मध्ये अमेरिकी शासनाशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार उत्पादकांनी तेथील तीनचाकींची विक्री थांबवली. तोवर चारचाकी रूप रुळले होतेच. डाकार रॅलीत या चारचाकींचा, म्हणजे क्वाडचा, स्वतंत्र गट २००९ पासून २०२४ पर्यंत होता.

वाळू वाहनाला का गिळते, हे समजल्याशिवाय तयारीचा अर्थ लागत नाही. काळ्या मातीचे कण परस्परांना धरून ठेवतात, त्यामुळे तेथे टायर चिखलात रुतून खालचा घट्ट थर शोधतो. कोरड्या वाळूच्या कणांत अशी धरण नसते, आणि रुतलेले चाक फिरवत राहिल्यास ते स्वतःसाठी खड्डाच खणते. म्हणून वाळूवर चाक रुतवायचे नसून तरंगते ठेवायचे असते. टायरमधील हवेचा दाब जेवढा, साधारण तेवढाच दाब टायर जमिनीवर टाकतो, या एका सूत्रातून बरेच काही उलगडते. चालकासह २७० किलो भरणाऱ्या वाहनाच्या टायरांत मोटारसायकलीसारखी २८ पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंडांत मोजलेला दाब) हवा असेल, तर चारही चाके मिळून सुमारे १३७ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात. तीच हवा ५ पीएसआयवर आणली की ही जागा सुमारे ७७० चौरस सेंटिमीटर होते. पेट्रोलपंपावरील मोठ्या मापाच्या यंत्राला एवढा कमी दाब नेमका दाखवता येत नाही, म्हणून अल्पदाबाचे वेगळे मापक जवळ ठेवावे लागते; आणि हवा फारच उतरवली तर टायरची कड रिममधून निसटते, म्हणून ती कड कड्याने आवळून धरणारी बीडलॉक रिम वापरली जाते.

मागील चाकांना पॅडल टायर बसवतात. त्यांवर नक्षीऐवजी वल्ह्यांसारख्या आडव्या उंच पट्ट्या असतात, ज्या वाळू मागे लोटून वाहन पुढे ढकलतात. इंजिन दुबळे असेल तर कमी पट्ट्यांचा टायर निवडावा, नाहीतर तेच ओझे होऊन बसते. पुढच्या टायरांवर मात्र गोलाकार फिरणारी उभी धार असते, कारण त्यांचे काम ढकलण्याचे नसून दिशा धरण्याचे असते.

परंतु टायरांपेक्षाही अधिक काळजी हवेच्या गाळणीची, एअर फिल्टरची, घ्यावी लागते, आणि हौशी चालक नेमके येथेच चुकतात. बारीक वाळू इंजिनात शिरली की सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढते, आणि शक्ती घटल्याचे लक्षात येईपर्यंत नुकसान झालेले असते. फोमची गाळणी धुऊन, सुकवून, खास तेलात भिजवून पिळावी, तिच्या बैठकीच्या कडेला ग्रीस लावावे आणि वरून धूळरोधक कापडी आवरण चढवावे. साखळीला ओशट वंगण लावले तर त्याला चिकटलेली वाळू कानशीसारखी दाते झिजवते, म्हणून कोरडे वंगण बरे. पट्ट्यावर चालणारे स्वयंचलित गिअर असलेल्या एटीव्हीत पट्टा तापून तुटण्याची भीती असते. तेथे खालच्या गिअरची निवड हीच रक्षा.

स्वारीचे शास्त्र टेकडीच्या आकारातून येते. वारा येतो ती बाजू मंद चढाची आणि काहीशी दडपलेली असते. पलीकडची बाजू सुमारे ३३ अंशांच्या उताराची आणि सैल असते, कारण कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकत नाही. चढताना वेग पायथ्याशीच घेऊन सरळ रेषेत जावे, मध्येच गिअर बदलू नये आणि थांबण्याची वेळ आली तर शक्ती संपण्यापूर्वीच वळून उतरावे. माथ्यावर मात्र वेग आवरावा लागतो. पलीकडे कडा आहे की दुसरा चालक, हे अलीकडून दिसत नाही. याच कारणाने कॅलिफोर्नियातील इम्पीरियल वालुकाक्षेत्रात जमिनीपासून किमान ८ फूट उंच काठीवरचे निशाण प्रत्येक वाहनाला सक्तीचे आहे, आणि निशाणाची ही पद्धत कोठेही अंगीकारण्यासारखी आहे. उतरताना नाक थेट खाली ठेवून इंजिनाच्या रोधावर उतरावे. आडवे झालेले वाहन लोळते. खेळाच्या एटीव्हीत मागील दोन्ही चाके एकाच अखंड धुरीवर असल्याने ती वळणात वेगवेगळ्या गतीने फिरत नाहीत, म्हणून चालकाला शरीर आतल्या बाजूला झुकवून, थोडा थ्रॉटल देऊन मागचा भाग घसरवत वळावे लागते. येथे चालकाचे वजन हेही यंत्राचाच एक भाग असते.

जागेची निवड तयारीइतकीच गंभीर आहे. कोकणात दापोली तालुक्यातील केळशीची वाळूची टेकडी डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी अभ्यासली आणि तिचा संबंध १५२४ च्या सुनामीशी जोडला. असा पुरावा चाकांखाली विस्कटला की पुन्हा जुळवता येत नाही. किनारी टेकड्या धरून ठेवणारी मर्यादवेल टायरांनी तुटते, चाकोऱ्यांत कासवांची पिल्ले अडकतात, आणि किनारपट्टी नियमनाच्या १९९१ च्या अधिसूचनेपासूनच करमणुकीसाठी वाळूच्या टेकड्यांचे रूप बदलणे निषिद्ध आहे. म्हणून मराठवाड्यातून निघणाऱ्याने कोकणाऐवजी हजाराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या थरच्या वाळवंटाची वाट धरणे इष्ट. बहुतेक एटीव्ही रस्त्यावर चालवण्यास नोंदवता येत नसल्याने वाहन मालमोटारीत किंवा ट्रॉलीवर चढवून न्यावे लागते. जैसलमेरजवळच्या सम येथेही माळढोकाचा अधिवास असलेले डेझर्ट नॅशनल पार्क लगतच आहे, तेव्हा उद्यानाची हद्द आधी नकाशावर पाहून, परवानगी असलेल्या पट्ट्यातच आणि स्थानिक चालकाच्या मागे जावे. रात्रीच्या वाऱ्याने माथे सरकतात, आणि ते कोठे सरकले हे त्यालाच ठाऊक असते.